ताप असताना टोचलेले दोन डोस: अ‍ॅडालिमुमॅबवरच्या एका रुग्णाचं प्रकरण

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात इचलकरंजीचा ३१ वर्षांचा तरुण मिरजेत तपासायला आला, तेव्हा त्याच्या उजव्या फुप्फुसाभोवती पाणी साठलेलं होतं. वजन सहा किलोंनी उतरलं होतं. पाठ मात्र गेल्या सात वर्षांत नव्हती इतकी मोकळी होती. पाच महिन्यांपूर्वी सुरू झालेल्या, शरीरातला दाह दाबणाऱ्या अ‍ॅडालिमुमॅबच्या इंजेक्शनांनी पाठीचं काम चोख केलं होतं, आणि त्याच काळात क्षयरोग आत पसरत गेला होता.

हा रुग्ण कुणी एक माणूस नाही. संधिवाताच्या ओपीडीत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकाच माणसाच्या वाटचालीत गुंफून हे प्रकरण अभ्यासासाठी रचलं आहे. औषधांची, तपासण्यांची आणि मात्रांची माहिती मात्र खरी आहे. माझा मुद्दा सुरुवातीलाच सांगून टाकतो. ही इंजेक्शनं कशी टोचायची हे रुग्णाला तासभर बसवून शिकवलं जातं. कधी टोचायची नाहीत, हे मात्र फाईलमधल्या एका कागदावर छापून सोडून दिलं जातं.

सात वर्षांचा गॅप

हा तरुण यंत्रमागावर जॉबर. माग अडला की खाली वाकून, कधी अर्धवट आडवं होऊन तो चालू करून द्यायचा. चोविसाव्या वर्षी कंबर धरायला लागली तेव्हा सगळ्यांनी कामाला दोष दिला. ‘मणक्यात गॅप आलाय’ हे निदान आपल्याकडे पानपट्टीवरही मिळतं. त्याला ते दोन दवाखान्यांत मिळालं. पट्टा झाला, शेक झाला, ट्रॅक्शन झालं. एमआरआयही झाला, पण तो कंबरेच्या मणक्यांचा. दुखण्याचं मूळ होतं त्याखाली, कण्याच्या तळाचं त्रिकास्थी आणि कंबरेचं हाड जिथे जुळतं त्या सांध्यांत.

लक्षणं खरं तर सरळ होती. पहाटे तीन-चारला दुखण्यानं जाग यायची. उठल्यावर तासभर पाठ लाकडासारखी, आणि कामाला लागलं की दुखणं कमी. झिजेचं किंवा गादी सरकल्याचं दुखणं बहुधा उलट वागतं, आराम केला की बरं वाटतं. मध्ये एकदा डावा डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईना. डोळे आलेत म्हणून मेडिकलमधून ड्रॉप आणून घातले. तो डोळ्याच्या मधल्या पडद्याचा दाह होता, युव्हिआयटिस. त्याची किंमत पुढे औषध निवडताना कळली.

सांधेरोगतज्ज्ञांकडे पोचल्यावर त्या सांध्यांचा एमआरआय झाला, या आजाराशी जोडलेलं एचएलए-बी२७ हे जनुक रक्तात पॉझिटिव्ह आलं आणि अँकिलोसिंग स्पाँडिलायटिसचं, म्हणजे कण्याच्या दाहक संधिवाताचं, निदान पक्कं झालं. आधी कुणीतरी दोन वर्षं सल्फासॅलॅझिन दिलं होतं; हाता-पायाच्या सांध्यांना ते उपयोगी पडतं, पण कण्याच्या दाहावर त्याचा फारसा इलाज चालत नाही. दोन वेगवेगळी दाहशामक औषधं पुऱ्या मात्रेत देऊन झाली. तरी त्रास तसाच राहिला, तेव्हा बायोलॉजिकचा, म्हणजे जिवंत पेशींकडून बनवून घेतलेल्या औषधाचा, विषय निघाला.

औषध काय आहे

अ‍ॅडालिमुमॅब हे प्रयोगशाळेत पेशींकडून बनवून घेतलेलं प्रतिपिंड आहे. शरीरात दाह पेटवणाऱ्या टीएनएफ-अल्फा या रेणूला ते धरून ठेवतं. अमेरिकेत ३१ डिसेंबर २००२ रोजी त्याला संधिवातासाठी मान्यता मिळाली. पुढे अँकिलोसिंग स्पाँडिलायटिस, सोरायसिस, आतड्याचा क्रोन्स अशा आजारांसाठीही. आपल्याकडे चित्र बदललं ते डिसेंबर २०१४ मध्ये. अहमदाबादच्या झायडसनं अ‍ॅडालिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी जवळजवळ सारखं असं दुसऱ्या कंपनीचं औषध, भारतात आणलं, तेही अमेरिकेतल्या किमतीच्या साधारण पाचव्या हिश्श्यात. नंतर इतर भारतीय कंपन्याही उतरल्या. तरीही यंत्रमागावरच्या माणसाला दर पंधरवड्याचा हा खर्च म्हणजे घरचं गणित नव्यानं मांडणं असतं, आणि त्यातूनच ‘महिन्याला एकच घेतलं तर?’ हा प्रश्न येतो.

त्याचं उत्तर डॉक्टरांनी नीट दिलं होतं. आजार दीर्घकाळ शांत राहिला तर डोसांमधलं अंतर विचारपूर्वक वाढवता येतं. स्वतःच्या मनानं मात्र तसं करू नये. रक्तातली पातळी वारंवार खाली गेली की शरीर या परक्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं आणि औषध लागू पडेनासं होतं.

एटानर्सेप्ट हा दुसरा पर्याय होता. तोही टीएनएफ अडवतो, पण युव्हिआयटिस रोखण्यात तो कमी पडतो. मेडिकलमधल्या ड्रॉपची ती जुनी हकीकत रुग्णानं सहज बोलता बोलता सांगितली आणि निवड अ‍ॅडालिमुमॅबकडे झुकली. मात्रा ४० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी, त्वचेखाली.

पहिल्या सुईआधी

टीएनएफ दाह पेटवतो हे खरं, पण तो नुसता खलनायक नाही. क्षयाचे जंतू शरीरात शिरले की बहुतेकांच्या बाबतीत ते मरत नाहीत. पेशींच्या गाठीत कोंडवाड्यात घातल्यासारखे अडकून पडतात, वर्षानुवर्षं. त्या गाठी घट्ट राखण्यात टीएनएफचा मोठा हात असतो. तो अडवला की भिंत ढासळते. हे २००१ मध्ये जगापुढे आलं. इन्फ्लिक्सिमॅब या पहिल्या पिढीच्या टीएनएफरोधकावर असलेल्या ७० रुग्णांना क्षय झाल्याचा अहवाल त्या वर्षी प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांत तो पहिल्या १२ आठवड्यांच्या आतच उफाळला होता आणि ७० पैकी ४० जणांत फुप्फुसाबाहेर होता. तेव्हापासून या औषधांआधी सुप्त क्षयाची तपासणी हा नियमच झाला. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. आपल्याकडे हा नियम कागदी ठेवून चालत नाही.

या रुग्णाची तपासणी व्यवस्थित झाली. छातीचा एक्स-रे साफ. मँटूची, म्हणजे हातावर टोचून करायच्या क्षयाच्या चाचणीची, सूज १४ मिलिमीटर. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध घेणाऱ्यांत ५ मिलिमीटरही पॉझिटिव्ह धरतात. पण आपल्याकडे जन्मताच बीसीजी टोचलेली असल्यामुळे मँटू फसवू शकते, म्हणून रक्ताची आयजीआरए चाचणीही केली; तिला बीसीजीचा अडथळा होत नाही. तीही पॉझिटिव्ह आली. उलटही होतं, बरं का: स्टिरॉइड चालू असताना दोन्ही चाचण्या खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात. म्हणून चाचणीइतकंच महत्त्व विचारपूस करण्याला आहे. घरात कुणाला टीबी झाला होता का, असं विचारल्यावर रुग्ण ‘नाही’ म्हणाला. सोबत आलेली आई म्हणाली, “आरं, तुझ्या काकांचा कोर्स झाला न्हवता व्हय? तू चौथीत व्हतास.” काका त्याच खोलीत झोपायचे.

बीसीजीचं नाव निघालंच आहे तर एक आडवळण घेतो, कारण ही गोष्ट बायांच्या वाट्याची आहे आणि सांगायची राहून जाते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ही प्रतिपिंडं वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात. क्रोन्ससाठी इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्या आईच्या बाळाला तीन महिन्यांचं असताना बीसीजी दिली गेली आणि लसीतलाच जंतू पसरून ते बाळ दगावलं, अशी नोंद २०१० मध्ये ब्रिटनमधून प्रसिद्ध झाली. अ‍ॅडालिमुमॅबच्या युरोपीय माहितीपत्रकात, आईच्या शेवटच्या इंजेक्शनपासून पाच महिने बाळाला जिवंत लस देऊ नये असं म्हटलं आहे. आपल्याकडे बीसीजी प्रसूतिगृहातच, घरी सोडण्याआधी टोचतात. तेव्हा बाळंतपणाच्या फाईलवर या औषधाचं नाव ठळक लिहिलेलं हवं.

बाकीच्या तपासण्या भराभर सांगतो. हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, रक्तपेशी, यकृत. हिपॅटायटिस बी दबून बसलेला असेल तर तो या औषधानं जागा होऊ शकतो. हृदय कमजोर आहे का, मज्जासंस्थेचा मल्टिपल स्क्लेरोसिससारखा आजार आहे का, पूर्वी कॅन्सर झाला होता का, हेही विचारलं. फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लसी दिल्या. जिवंत लसी औषध चालू असताना बंद. कुत्रा चावला तर रेबीजची लस बिनघोर आणि पूर्ण घ्यायची, ती जिवंत लस नाही. उलट अशा रुग्णानं तिथे, मी हे औषध घेतो, असं आवर्जून सांगायला हवं.

आणि दूध. कोल्हापूरच्या गंगावेशीत रात्री कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध प्यायची रीत आहे. जिल्ह्यातल्या तालमीत वाढलेल्या पोराला ते सोड म्हणणं जड जातं. पण कच्च्या दुधातून ब्रुसेला, लिस्टेरिया आणि क्षयाचेही जंतू येऊ शकतात. टीएनएफरोधकावर असताना दूध उकळूनच प्यायचं.

सुप्त क्षयासाठी आयसोनियाझिड सुरू झालं. रोज ३०० मिलिग्रॅम, सोबत पायरिडॉक्सिन (बी-६ जीवनसत्त्व), सहा महिने. आयसोनियाझिड आणि रिफापेंटिनचा आठवड्यातून एकदा घ्यायचा १२ आठवड्यांचा पर्यायही राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. इथे सहा महिन्यांचा निवडला. एक महिना गोळ्या झाल्यावर, जुलैत, पहिलं इंजेक्शन दिलं. इथवर सगळं पुस्तकात असतं तसं.

फ्रीजमधली सुई

औषध २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. दुकानदारानं डबा देताना ‘बर्फात ठेवा’ म्हणून सांगितलं, आणि घरी तो शब्दशः पाळला गेला. जुना एकदारी फ्रीज, वर बर्फाचा कप्पा, त्याच्या खाली लागून असलेला ट्रे. तिसरा डोस काढायला गेल्यावर खोक्याचा पुठ्ठा कडक झालेला आणि सिरिंजमधलं औषध गोठलेलं. पत्नीनं ते खाली ओट्यावर ठेवलं. थोड्या वेळानं पहिल्यासारखं पातळ, स्वच्छ दिसायला लागलं.

इथे बहुतेक घरांत ते टोचलं जातं. एवढ्या महागाचं औषध, आणि दिसायला काहीच बिघडलेलं नाही! पण गोठताना प्रथिनाच्या रेणूंची घडी मोडते, ते एकमेकांना चिकटतात. हे डोळ्यांना दिसेलच असं नाही. अशा औषधाचा गुण कमी होतो आणि शरीरानं त्याच्याविरुद्ध उठण्याची शक्यता वाढते. पत्नीनं फोन केला, सिस्टरनं फेकायला सांगितलं, घरात दोन दिवस तोंडं उतरली होती. उन्हापेक्षा बर्फाची भीती जास्त धरावी असं मी म्हणेन. मूळ कंपनीच्या अ‍ॅडालिमुमॅबला २५ अंशांच्या आत १४ दिवसांपर्यंत फ्रीजबाहेर राहण्याची मुभा आहे. बायोसिमिलरसाठी त्या त्या खोक्यावरचं पाहावं. गोठलेल्याला मात्र कुणाचीच मुभा नाही. नंतर खोकं मधल्या फळीवर, मागच्या भिंतीला न टेकवता, भाजीच्या ट्रेच्या वर ठेवायचं ठरलं. दारात नको, तिथे दर उघडझापीला ऊब लागते. मिरजेहून बसनं आणताना थर्मासमध्ये जेलपॅक, आणि जेलपॅक व खोक्यामध्ये पंचाची घडी.

टोचायचं काम पत्नीकडे. तिचा हात पहिल्यापासून चांगला. रविवारी सकाळी सिरिंज बाहेर काढून अर्धा तास तशीच ठेवायची. गार औषध आत जाताना जास्त झोंबतं. गरम पाण्यात धरायची नाही, हलवायची नाही. औषध पारदर्शक आहे ना, कण तरंगत नाहीत ना, तारीख उलटली नाही ना, हे उजेडात बघायचं. छोटा बुडबुडा असला तर त्याचं काही नाही. हात साबणानं धुवायचे. जागा मांडीची पुढची बाजू किंवा पोट, बेंबीपासून चार बोटं लांब. स्पिरिटचा बोळा फिरवून ते वाळू द्यायचं, ओलं असताना टोचलं तर आग होते. त्वचेची घडी चिमटीत धरून सुई ४५ अंशांत आत, दट्ट्या सावकाश खाली, सुई बाहेर, वर कोरडा कापूस. चोळायचं नाही. मागच्या वेळी डावी मांडी तर या वेळी उजवी. वळ, पुरळ, सोरायसिसचा चट्टा असेल ती जागा टाळायची. वापरलेली सिरिंज टोपण न लावता जाड प्लास्टिकच्या डब्यात, आणि डबा भरला की पुढच्या भेटीला दवाखान्यात परत. कचऱ्याच्या घंटागाडीत अजिबात नाही, ती उचकणाऱ्या माणसाच्या हातात सुई जाते.

हे सगळं ती बिनचूक करायची. कॅलेंडरवर प्रत्येक डोसाच्या तारखेला गोल आणि त्यात ‘डा’ किंवा ‘उ’. कॅलेंडरवर गोळ्यांची खूण मात्र नव्हती.

ऑगस्ट ते डिसेंबर

दुसऱ्या-तिसऱ्या इंजेक्शनातच पाठ सुटली होती. पहाटेची जाग थांबली. ऑगस्टच्या अखेरीस आयसोनियाझिडच्या गोळ्या संपल्या त्या पुन्हा आणल्याच गेल्या नाहीत. त्यांनी पित्त होत होतं, आणि घरात समज अशी होती की त्या पाठीच्याच गोळ्या आहेत. पाठ बरी झाली, गोळी कशाला? सप्टेंबरच्या तपासणीत ‘गोळ्या चालू आहेत ना’ असं विचारलं गेलं. तो ‘व्हय’ म्हणाला, कारण एटोरिकॉक्सिब ही पाठीची दाहशामक गोळी चालू होती. प्रश्नही खरा, उत्तरही खरं. पाकीट समोर ठेवायला सांगितलं असतं तर तिथेच उलगडा झाला असता.

ही एटोरिकॉक्सिब पुढे दुसऱ्या बाजूनंही आडवी आली. मागावरची पाळी जड गेली की संध्याकाळी तो एक गोळी घ्यायचा. दाहशामक औषध तापही उतरवतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून संध्याकाळी अंगात कसकस असायची, गोळी घेतली की जायची. रात्री घाम यायचा, तो गादीखालच्या प्लास्टिकचा वाटायचा. थर्मामीटर लावला तो सकाळी, तेव्हा ताप नसायचा. नंतर कोरडा खोकला. गल्लीतल्या डॉक्टरांनी आधी पाच दिवस अझिथ्रोमायसिन आणि मग लिव्होफ्लॉक्सासिन दिलं. त्यांना इंजेक्शनाची माहिती नव्हती. ‘पाठीचं इंजेक्शन चालू आहे’ एवढंच कानावर होतं, आणि त्यावरून कुणालाही बी-ट्वेल्व्हच आठवेल. लिव्होफ्लॉक्सासिननं चार दिवस बरं वाटलं. तेच वाईट झालं. त्या गटातली औषधं क्षयाच्या जंतूंवरही काही प्रमाणात चालतात. ताप तात्पुरता दबतो, निदान लांबतं, आणि एकटीच दिली तर जंतू त्यांना सरावण्याचा धोकाही असतो.

नोव्हेंबरात कॅलेंडरवर दोन गोल आहेत. दोन्ही रविवारी त्याला आदल्या संध्याकाळी कसकस होती. दोन्ही वेळा सिरिंज अर्धा तास बाहेर ठेवली गेली, जागा बदलली गेली, स्पिरिट वाळू दिलं गेलं. तंत्रात कुठेही चूक नाही. पण अंगात उलगडा न झालेला ताप असताना हे औषध टोचायचंच नसतं. शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायलाच दोन आठवड्यांच्या आसपास घेणारं हे औषध एकदा आत गेलं की मागे घेता येत नाही. ते पुरतं निघून जायला चार-पाच महिने लागू शकतात. दवाखान्यानं दिलेल्या कागदावर ही सूचना होती. तिसऱ्या परिच्छेदात, इंग्रजीत.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पत्नीनं सिरिंज काढण्याआधी फोन लावला, तोही वेगळ्याच कारणासाठी.

“सिस्टर, ह्यांच्या मांडीवर मांसच राहिलं न्हाई, चिमटीत काय येईना. पोटावर दिलं तर चालंल का?”

“वजन उतरलंय का? ताप?”

“ताप न्हाई, नुसती कसकस आसती. खोकला हाय, महिना झाला.”

“वहिनी, आज सुई नको. फ्रीजमध्येच राहू दे. उद्या छातीचा एक्स-रे काढून इकडेच या, आणि तोवर ती पाठीची गोळीपण देऊ नका. संध्याकाळी सहाला ताप मोजून लिहून आणा.”

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा उपचार हा फोन होता. संध्याकाळच्या गोळीशिवाय मोजलेला ताप १०१.४ आला. एक्स-रेत उजव्या बाजूला पाणी.

निदान आणि पुढचे सहा महिने

पाणी काढलं ते पिवळसर, लिम्फोसाइट पेशींनी भरलेलं, क्षयाकडे बोट दाखवणारं एडीए हे विकर वाढलेलं. थुंकी निगेटिव्ह, पाण्याची सीबीनॅट ही जंतूंची जनुकीय चाचणीही निगेटिव्ह. फुप्फुसाभोवतीच्या पाण्यात जंतू इतके विरळ असतात की तिथे निगेटिव्ह चाचणीनं निर्धास्त होता येत नाही. शिवाय यानं आयसोनियाझिड अडीच-तीन महिने घेऊन मध्येच सोडलं होतं. जंतू त्याला सरावलेत का, हे कळणं गरजेचं होतं आणि सीबीनॅट फक्त रिफॅम्पिसिन या क्षयावरच्या दुसऱ्या औषधाबद्दल सांगते. म्हणून फुप्फुसाच्या आवरणाचा तुकडा घेतला. त्यावर सीबीनॅट पॉझिटिव्ह आली, रिफॅम्पिसिन लागू. कल्चर (जंतू वाढवून पाहायची चाचणी) उगवायला काही आठवडे गेले आणि त्यावरच्या चाचणीत आयसोनियाझिडही लागू असल्याचं दिसलं. इथे नशीब बलवत्तर.

अ‍ॅडालिमुमॅब बंद. निक्षय या सरकारी क्षयनोंदणीच्या पोर्टलवर नोंद झाली. खासगी दवाखान्यांनाही क्षयरुग्ण कळवणं २०१२ पासून सक्तीचं आहे. पोषणासाठीची मदतही लागू झाली, नोव्हेंबर २०२४ पासून ती महिना हजार रुपये आहे. दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने तीन, रोज, वजनाप्रमाणे. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली.

सहाव्या आठवड्यात ताप पुन्हा चढला आणि घरचे घाबरले. औषधं लागू पडत नाहीत की काय? टीएनएफरोधक थांबल्यावर दबलेली प्रतिकारशक्ती परत येते आणि उरल्यासुरल्या जंतूंवर तुटून पडते. त्यात काही दिवस ताप, गाठी, पाणी वाढल्यासारखं होऊ शकतं. कल्चर आणि यकृताच्या तपासण्या पाहून उपचार तसेच चालू ठेवले. ताप ओसरला.

पाठीचं दुखणं मात्र तिसऱ्या महिन्यात परतलं. काही अंशी अ‍ॅडालिमुमॅबचा अंमल उतरल्यामुळे, आणि काही अंशी एका गोष्टीमुळे जी पटकन लक्षात येत नाही: रिफॅम्पिसिन एटोरिकॉक्सिबची रक्तातली पातळी सुमारे ६५ टक्क्यांनी खाली आणतं. तीच गोळी, तीच वेळ, पण गुण नाही. नेप्रोक्सेनवर नेलं, पोटाचं औषध जोडलं, यकृतावर लक्ष ठेवलं, सकाळचे व्यायाम पुन्हा सुरू केले. तोफासिटिनिब या दाह दाबणाऱ्या औषधाच्या स्वस्त गोळ्यांबद्दल त्यानं स्वतःहून विचारलं. गल्लीत कुणीतरी घेत होतं. त्यांतही क्षयाचा धोका असतो आणि रिफॅम्पिसिनसोबत तर त्यांचा अंमलच टिकत नाही, म्हणून तो विषय तिथेच मिटला.

क्षयाचे उपचार किमान तीन महिने नीट चालले आणि रुग्ण सुधारत असेल तर टीएनएफरोधक पुन्हा सुरू करता येतो, असं ब्रिटिश मार्गदर्शक सूचना सांगतात. या रुग्णाच्या बाबतीत पूर्ण सहा महिने थांबायचं ठरलं, कारण एकदा गोळ्या सुटलेल्या होत्या. या वेळी कॅलेंडरवर दोन रांगा होत्या, गोळ्यांची वेगळी.

कोर्स संपला, एक्स-रेत आवरणाची जराशी जाडी उरली. आता प्रश्न कोणत्या बायोलॉजिकचा. पुन्हा अ‍ॅडालिमुमॅब, की आयएल-१७ हा दाहाचा दुसरा रेणू रोखणारं सेक्युकिनुमॅब? क्षयाचे जंतू कोंडणाऱ्या त्या गाठी राखण्यात आयएल-१७ चा वाटा टीएनएफइतका नसतो, आणि सेक्युकिनुमॅबच्या चाचण्यांत सुप्त क्षय उफाळल्याचं फारसं दिसलेलं नाही. अडचण दोन ठिकाणी. आतड्याचा क्रोन्ससारखा आजार असेल तर हे औषध तो बिघडवू शकतं. याला जुलाब, रक्त पडणं असं कधीच नव्हतं. दुसरी अडचण डोळ्याची. युव्हिआयटिसपासून अ‍ॅडालिमुमॅबसारखं संरक्षण ते देत नाही. डोळ्याचा त्रास एकदाच झाला होता, त्यालाही बरीच वर्षं झाली होती. क्षय मात्र कालपरवाचा. सेक्युकिनुमॅब १५० मिलिग्रॅम ठरलं. सुरुवातीला आठवड्याला एक असे पाच डोस, मग दर चार आठवड्यांनी एक.

पत्नीला या वेळी पाऊण तास शिकवलं. त्यातली दहा मिनिटं सुईची, कारण ती तिला येत होती. उरलेला वेळ यात गेला: ताप, दोन आठवड्यांहून जास्त खोकला, वजन उतरणं, अंगावर कुठेही पू होणारं गळू, नागीण, लघवीला जळजळ, दात काढायचा असणं किंवा ऑपरेशन ठरणं, यातलं काहीही असलं तर आधी फोन, मग सुई. तोंडात पांढरा थर आला तर बुरशी समजून दाखवायचं, या औषधात ती जास्त होते. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे जाताना औषधाचं रिकामं खोकं बरोबर न्यायचं. डोळा लाल होऊन दुखला तर मेडिकलचे ड्रॉप न घालता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे, आणि तसं झालंच तर सेक्युकिनुमॅबचा हा निर्णय पुन्हा उघडायचा. ही शेवटची नोंद फाईलच्या पहिल्या पानावर आहे, मराठीत.